कमी उजेडातलं रेक्स बिगोनिया

"आणलं तेव्हा काय देखणं होतं, महिन्याभरात पार गेलं." रेक्स बिगोनिया या रंगीबेरंगी पानांसाठी कुंडीत लावायच्या झाडाबद्दल हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने 'आणलं तेव्हा' म्हटलं की पुढचं मला कळतं. सांगणाऱ्याला खरंच वाईट वाटलेलं असतं. मग ठरलेला निष्कर्ष येतो: हे झाड फार नाजूक, आपल्या हाताला लागत नाही.

मला हे अजिबात मान्य नाही. माझ्याकडच्या रेक्सपैकी सगळ्यात जुनं आत्याने एका पानापासून करून दिलेलं आहे. मधे घर बदललं, कुंड्या बदलल्या, काही काळ तर त्याच्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती, तरी ते आहे आणि भरभरून आहे. रेक्स दगावतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. सावली हवी म्हणून आपण त्याला काळोखात ठेवतो आणि काळोखात बसलेल्या झाडाला रोजच्या रोज पाणी घालतो. एवढं थांबवलं तर बाकीचं शिकण्यासारखं आहे आणि ते शिकताना मजाही येते.

आधी हे झाड मूळचं कुठलं ते बघू. बिगोनियाच्या दोन हजारांहून जास्त जाती जगात आहेत. बिगोनिया रेक्स ही त्यातली आशियाई जाती, आसाम आणि आजूबाजूच्या दमट डोंगराळ जंगलांतली. मोठ्या झाडांच्या खाली, जमिनीलगत, कुजलेल्या पानांच्या थरात तिचं आडवं खोड सरपटत जातं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती युरोपात पोहोचली आणि १८५७ मध्ये तिचं रेक्स हे नाव प्रसिद्ध झालं. पानं बघून तिथले बागकाम करणारे वेडावलेच असणार, कारण लगेचच इतर आशियाई जातींशी तिचे संकर सुरू झाले. आज कुंडीत मिळतं ते रेक्स जवळजवळ नेहमी संकरितच असतं. त्यामुळे एकाचं पान तळहाताएवढं तर दुसऱ्याचं ताटलीएवढं, एक चंदेरी तर दुसरं वाईनच्या रंगाचं. तरी सवयी मात्र सगळ्यांच्या त्या जंगलातल्याच आहेत.

आता उजेडाबद्दल, कारण खरी गोम इथेच आहे. दाट सदाहरित जंगलात वरच्या छतातून गाळून जमिनीपर्यंत जो उजेड येतो, तो वरच्या उजेडाच्या साधारण १ ते २ टक्केच असतो. ऐकायला फारच कमी वाटतं. पण हिशोब करून बघा. भर दुपारी स्वच्छ उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. त्याचे १ ते २ टक्के म्हणजे एक ते दोन हजार लक्स. याउलट, खिडकीपासून दोन-तीन मीटर आत टीव्हीशेजारच्या टेबलावर दिवसा मोबाइलच्या उजेड मोजणाऱ्या अॅपने मोजून बघा. बरेचदा दोनशे-तीनशे लक्ससुद्धा भरत नाहीत. म्हणजे जंगलातली अशी दाट सावलीदेखील आपल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्याच्या कित्येक पट उजळ असते. शिवाय तिथे तो उजेड दिवसभर सगळीकडून झिरपतो, आणि मधूनच एखादा कवडसा पानावरून सरकत जातो. आपले डोळे अंधाराला इतक्या पटकन सरावतात की खोली आपल्याला छान उजळ वाटते. झाडाला ती सोय नाही.

अॅप वगैरे नको असेल तर हाताने बघायची पद्धत आहे, मी अजूनही तीच वापरते. दुपारी जिथे कुंडी ठेवायची त्या जागेच्या वर वीतभर हात धरायचा. सावली काळीकुळकुळीत आणि बोटं स्पष्ट कापल्यासारखी दिसली तर तिथे रेक्सची पानं भाजतील. सावली पडते आहे पण कडा विरघळल्यासारख्या, बोटं जेमतेम ओळखू येतात, तर जागा उत्तम. सावली पडतच नसेल तर तिथे एखादी मूर्ती ठेवा, रेक्स नको. माझ्याकडे पूर्वेच्या खिडकीला पातळ पडदा आहे आणि त्याच्या आत हातभर अंतरावर एक बुटकी मांडणी. सकाळचं कोवळं ऊन पडद्यातून येतं, दहा-साडेदहानंतर नुसता उजेड. घरातल्या सगळ्या जागा फिरवून बघितल्यावर ही सगळ्यात चांगली ठरली.

उजेड कमी पडतोय हे झाड आधीपासून सांगत असतं. देठ लांबतात, पानं खिडकीकडे माना वळवतात, नवीन पान आधीच्यापेक्षा लहान निघतं आणि रंग मातकट होत जातो. जास्त झाला तर रंग उडून पान फिकट, करकरीत होतं आणि कडेने तपकिरी पट्टी धरते. दोन्हींत फरक ओळखायला नेहमी सर्वात नवं पान बघावं, जुनी पानं जुन्या चुका दाखवतात. आणि घरात उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे पाणी घालताना कुंडी थोडी फिरवायची सवय लावून घ्यावी, म्हणजे झाड सगळीकडून भरतं.

माझा भाचा जीवशास्त्र शिकतोय. मागे आला तेव्हा त्याने एका चंदेरी पानावर बोट ठेवून विचारलं, "मावशी, या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही ना? मग याला जास्त उजेड लागत असेल." प्रश्न चांगला होता, कारण पांढऱ्या चट्ट्यांच्या मनीप्लांटबद्दल हेच खरं आहे. तिथे पांढऱ्या भागात खरोखरच हरितद्रव्य नसतं. रेक्समध्ये मात्र वेगळी गंमत आहे. पानाच्या वरच्या थराखाली आणि हिरव्या पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. उजेड त्या पोकळ्यांवरून परततो आणि आपल्याला तो भाग चंदेरी दिसतो. खालच्या पेशी हिरव्याच असतात आणि आपलं काम करत असतात. म्हणून चंदेरी रेक्सला हिरव्या रेक्सपेक्षा जास्त उजेड द्यायची गरज नाही. भाच्याने लगेच भिंग आणलं आणि बराच वेळ तो त्या पानावर वाकून होता.

तुम्हीही एकदा भिंगातून बघाच. वरून सपाट, रंगवलेलं वाटणारं पान जवळून पूर्ण डोंगराळ असतं. शिरांच्या मधला भाग फुगून वर आलेला, प्रत्येक फुगवट्यावर वेगळी चमक, शिरा खोल दऱ्यांत गेलेल्या. देठावर आणि पानाच्या खालच्या शिरांवर लालसर, बारीक केसांची लव. पान उलटं केलं तर बऱ्याच वाणांत मागची बाजू गडद लाल असते, ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. सावलीत वाढणाऱ्या पानावर अचानक तीव्र कवडसा पडला तर त्यापासून हे रंगद्रव्य पानाला वाचवतं असं बिगोनियावरच्या अभ्यासातून दिसलेलं आहे. आणि बिगोनियाच्या पानाची सगळ्यांत मोठी खूण, जी एकदा लक्षात आली की कधीच विसरत नाही, ती म्हणजे पानाचे दोन भाग सारखे नसतात. मधल्या शिरेच्या एका बाजूला पान मोठं, दुसऱ्या बाजूला लहान, तिरकं. एस्कारगो नावाच्या वाणात तर पानाचा तळ गोगलगायीच्या शंखासारखा वळत जाऊन मध्याशी गुंडाळी होते. नवं पान उलगडताना ही गुंडाळी रोज थोडी थोडी मोकळी होते, ते बघायला मी सकाळी चहा घेऊन तिथेच बसते.

रेक्सच्या नात्यातलीच मलेशियातली एक जात आहे, बिगोनिया पाव्होनिना. तिची पानं कमी उजेडात मोरपिशी निळी चमकतात. २०१६ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी या निळेपणाचं कारण प्रसिद्ध केलं. तिच्या पानाच्या वरच्या थरातल्या हरितलवकांमधले, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या सूक्ष्म कणांमधले, पापुद्रे अतिशय नेमक्या अंतरावर रचलेले असतात. त्या रचनेवरून निळा उजेड परततो, आणि घनदाट सावलीत जो हिरवा उजेड उरलेला असतो तो मात्र जास्त शोषला जातो. अगदी कमी उजेडात यामुळे अन्न तयार करण्याची कार्यक्षमता ५ ते १० टक्क्यांनी वाढते असं त्यांना आढळलं. हे वाचल्यापासून मी या कुळाच्या पानांकडे नुसती शोभा म्हणून बघूच शकत नाही. तो रंग, ती चमक हे त्या पानाचं सावलीत जगायचं कसब आहे.

मुळांकडे येऊ. रेक्सचं खोड आडवं, जाड आणि मांसल असतं, मातीच्या वरच्या थरावर पसरतं. मुळं बारीक आणि उथळ. जंगलात त्यांना कुजलेल्या पानांचा वीतभरही जाड नसलेला, भुसभुशीत, हवेशीर थर मिळतो. खोल, उंच कुंडीत ही मुळं तळापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि तळाची माती ओलीच राहून आंबते. म्हणून पसरट, उथळ कुंडी घ्या आणि झाडाच्या मानाने जरा लहानच घ्या. झाड कुंडीच्या कडेपर्यंत पोहोचलं की एकच माप वरची. खोड मातीत पुरू नका, अर्धं उघडं राहू द्या. ते दिसायला फारसं सुंदर नसतं, त्यामुळे झाकावंसं वाटतं, पण झाकलेलं खोड सडतं.

माती म्हणून मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं पानांचं खत आणि पर्लाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे खनिजाचे दाणे) साधारण सारख्या प्रमाणात घेते, आणि मूठभर लाकडी कोळशाचे बारीक तुकडे. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्यावं, कारण त्यात क्षार असू शकतात आणि रेक्सला क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा करपतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, नाहीतर जास्त खत. द्रवरूप खत द्यायचं तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाई ताकदीचं, आणि तेही नवी पानं येत असतील तेव्हाच. झाड थांबलेलं असताना खत घालून ते हलत नाही. बागेतली नुसती माती कुंडीत भरू नये, ती दोन-चार पाण्यांत घट्ट बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो.

पाण्याचं वेळापत्रक मला विचारू नका, मी देणार नाही. वेळापत्रकानेच रेक्स मरतात. कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर ती किती जड लागते हे एकदा हाताला कळलं की हलकी कधी झाली हेही हाताला कळतं. वरचं पेरभर सुकू द्यायचं, मग भरपूर घालायचं, खालून निथळलेलं पाणी बशीत ठेवायचं नाही. पाणी पानांवर न ओतता कडेने मातीवर. मी कधीकधी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी पिऊ देते, वरची माती ओलसर झाली की काढते. उन्हाळ्यात तहानेने पानं जरा लवली तर घाबरू नका, पाण्यानंतर काही तासांत ती उभी राहतात. खरी काळजी करावी ती माती ओली असताना पानं लवली तर. तेव्हा मुळं कुजलेली असतात आणि त्या अवस्थेत आणखी पाणी घालणं म्हणजे झाड घालवणं. लगेच कुंडीतून काढा, काळी-मऊ मुळं कापून टाका, नव्या कोरड्यासर मिश्रणात लहान कुंडीत लावा आणि बरी असलेली दोन-तीन पानं वेगळी करून ठेवा. त्यांचं काय करायचं ते पुढे येतंय.

'दमट हवा हवी' हे सगळे सांगतात आणि मग लोक सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारत बसतात. हे करू नये असं मला अगदी मनापासून सांगायचंय. फवाऱ्याने हवा काही मिनिटंच दमट होते, पान मात्र ओलं राहतं. लव असलेल्या पानावर थेंब अडकून राहतात, डाग पडतात, बुरशीला निमंत्रण मिळतं. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवा. झाडं स्वतःच पानांतून बाष्प सोडतात, घोळक्यात ते टिकून राहतं. हवा फारच कोरडी असेल तर लहान वाण मोठ्या काचेच्या बरणीत किंवा जुन्या फिशटँकमध्ये लावा, झाकण किंचित उघडं ठेवून. रेक्सइतकं काचेत खुलणारं झाड मी दुसरं बघितलेलं नाही. फक्त त्यावर थेट ऊन येऊ देऊ नका, काचेच्या आत ते शिजेल. खोलीचं तापमान १८ ते २४ अंशांच्या आसपास त्याला सगळ्यात मानवतं. पाराच वर गेला तर पाणी वाढवून उपयोग नसतो, जागा बदलून थोडी हवा खेळती करावी.

खेळती हवा का, तर भुरीमुळे. पानांवर पांढरी, पिठासारखी बुरशी धरते ती भुरी. तिला पान ओलं असायचीही गरज नसते, दमट कोंदट हवा आणि गर्दी पुरते. म्हणून कुंड्या जवळ, पण पानावर पान चढलेलं नको. भुरीचा पहिला ठिपका दिसला की ते पान मी देठापासून काढून टाकते, कितीही सुंदर असलं तरी, आणि शेजारच्या कुंड्या लांब सरकवते. वेळीच केलं तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारे पांढरे कापसासारखे किडे, देठाच्या बेचक्यात बसतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढायचे. कडुनिंबाचं तेल किंवा कुठलीही फवारणी सगळ्या झाडावर करण्याआधी एका पानावर करून दोन दिवस वाट बघा, रेक्सच्या काही वाणांची पानं तेलाने करपतात. धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश घेऊन झटका.

एक सावधगिरी इथेच सांगते, कारण नंतर राहून जाईल. बिगोनियात ऑक्झलेट हा तोंडाला झोंबणारा पदार्थ असतो. मांजरा-कुत्र्यांनी चावलं तर तोंडाची आग, लाळ, उलट्या होऊ शकतात, आणि जमिनीतला भाग जास्त त्रासदायक असतो. घरात कुरतडणारं जनावर असेल तर कुंडी त्याच्या आवाक्याबाहेर हवी.

आता ज्या गोष्टीमुळे सगळ्यात जास्त जिवंत रेक्स फेकून दिली जातात ती. दिवस लहान होत जातात, थंडी वाढते, आणि काही वाण एकेक करून पानं टाकू लागतात. कधी दोन-तीनच उरतात, कधी एकही नाही. कुंडीत उरतं नुसतं ते बुटकं, गाठाळ खोड. माणूस समजतो मेलं, आणि कुंडी रिकामी होते. कृपा करून थांबा. बोटाने खोड दाबून बघा. टणक असेल तर झाड झोपलंय, मऊ आणि पिचपिचीत असेल तरच गेलंय. झोपलेल्या झाडाला पानं नसल्यामुळे पाणी अगदी कमी लागतं, माती पूर्ण धूळ होऊ नये इतपतच. जागा तीच ठेवा किंवा जरा उबदार ठेवा, खत बंद. दिवस मोठे होऊ लागले की खोडावरच्या गाठींतून केसाळ, लालसर टोकं दिसायला लागतात. तेव्हा पाणी हळूहळू वाढवायचं. आत्याचं रेक्स असं कितीदा बोडकं होऊन परत भरलंय. पहिल्यांदा झालं तेव्हा मी तिला घाबरून फोन केला होता. ती म्हणाली, "अगं, दमलंय ते. पडू दे थोडं." तोच सल्ला मी आता सगळ्यांना देते.

फुलांबद्दल दोन मतं आहेत. पानांसाठी लावलेल्या झाडाने फुलांत शक्ती घालवू नये म्हणून बरेच जण फुलाचा दांडा दिसताच खुडतात. मी लहान किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या झाडाचा खुडते, भरलेल्या झाडाचा ठेवते. फुलं फिकट गुलाबी, साधी असतात, पण एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात ते बघण्यासारखं आहे. मादी फुलाच्या मागे तीन पंखांचं बीजकोश असतं, एक पंख बाकी दोघांपेक्षा मोठा. नर फुलामागे काहीच नसतं. त्या बीजकोशातलं बी धुळीसारखं बारीक असतं. ते पेरून झाडं येतात, पण संकरित असल्यामुळे आईसारखी येत नाहीत. हुबेहूब तेच झाड हवं असेल तर पानच घ्यावं लागतं.

आणि पानापासून झाड करणं हा रेक्स लावण्यातला माझ्या मते सगळ्यात मोठा आनंद आहे. आत्याकडून शिकले तशी कृती सांगते. पान निरोगी, पूर्ण वाढलेलं पण म्हातारं न झालेलं घ्या. देठ पाऊण इंचभर ठेवून बाकीचा कापा. पान टेबलावर पालथं घाला. मागच्या बाजूला जाड शिरा उठून दिसतात. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने त्या मुख्य शिरांना आडवे छेद द्या, एका शिरेवर एक-दोन, जिथे शीर फुटून दोन होतात त्याच्या जरा आतल्या बाजूला. छेद शिरेपुरताच, पान पूर्ण फाडायचं नाही. छेदताना कच्चा, रसरशीत आवाज येतो आणि कडेला पाण्याचा बारीक थेंब जमतो. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे कापलेली जागा किंचित कोरडी होते.

मग उथळ डब्यात ओलसर कोकोपीट आणि पर्लाइट. मूठभर उचलून दाबलं तर पाणी ठिबकू नये, एवढंच ओलं. पान सुलटं करून त्यावर ठेवा, देठाचं टोक मिश्रणात खोचा. आता खरं काम आहे ते कापलेल्या शिरा मिश्रणाला घट्ट टेकलेल्या राहण्याचं. पान सुकता सुकता वर उचललं जातं आणि टेकलेलं नसेल तिथे मूळ फुटत नाही. आत्या केसांच्या आकड्यांनी पान टाचून ठेवायची. मी स्वच्छ धुतलेले गुळगुळीत खडे शिरांवर ठेवते, दोन्हीने काम होतं. वरून पारदर्शक झाकण, उजळ जागा, ऊन नाही. मुळं फुटायचं औषध लावायची गरज नसते. जागा कमी असेल तर पानाचे शंकरपाळ्यासारखे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात एक जाड शीर हवी, आणि देठाकडचं टोक खाली करून तिरके खोचा.

त्यानंतर खरं तर काही करायचं नसतं, आणि तेच अवघड जातं. दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून हवा बदलावी, पान कुठे काळं पडत असेल तर तेवढा भाग कापून काढावा. तीन-चार आठवड्यांत शिरेच्या छेदाखाली पांढरी मुळं धरतात. त्यानंतर कधीतरी छेदाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी केसाळ, लाल गाठ दिसते. ती उलगडली की नखाएवढं पान असतं, आणि इतकं लहान असूनही तिरकं. कधी एका छेदातून दोन-तीन रोपं येतात, कधी एखादा छेद रिकामा जातो. थंडीत सगळंच सावकाश होतं, तेव्हा उकरून बघू नका.

रोपांना प्रत्येकी तीन-चार पानं आली की वेगळी करायची. जुनं पान तोवर विरत आलेलं असतं, पण हिरवं असेल तर ओढून तोडू नका, रोपाभोवतीचा तुकडा तसाच ठेवून लावा, ते त्यातूनही खात असतं. एकदम उघड्या हवेत आणलं तर रोप माना टाकतं, म्हणून झाकण आधी तासभर, मग अर्धा दिवस असं आठवडाभर वाढवत उघडं ठेवायचं. पहिली पानं फिकी, साधी हिरवट येतात. ती बघून भाचा हिरमुसला होता, त्याला एस्कारगोचं पान मीच दिलं होतं आणि त्याला वाटलं गुंडाळी आता येणारच नाही. परवा त्याने फोटो पाठवला. चौथं पान, तळाशी वळलेलं, चंदेरी पट्ट्यासकट. खाली विचारलंय: "मावशी, आता याला मोठी कुंडी देऊ?" मी कळवलं, अजून नको, मुळं कुंडीच्या कडेला लागू देत.